जकात गेली, मोबाइल नंबर आला

मालमत्ता कराचं देयक तयार झालं की हल्ली ठाणेकराच्या मोबाइलवर एसएमएस येतो आणि यूपीआयने घरबसल्या पैसेही भरता येतात. याचं सगळं श्रेय तंत्रज्ञानाला दिलं जातं. पण त्याआधी एक कर जावा लागला होता.

१९८२ साली स्थापन झालेल्या ठाणे महापालिकेला वर्षानुवर्षं जकातीचा, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराचा, मोठा आधार होता. नाक्यावर ट्रक थांबला की रोख जमा. मग कुठल्या घराचा मालक कोण, याची फिकीर कोण करणार? नवी मुंबईत जकातीऐवजी उपकर होता, पण तिथेही भरणारा व्यापारीच. २०१३मध्ये ठाण्यात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. जीएसटीपोटी राज्याकडून भरपाई येते, पण पालिकेच्या स्वतःच्या हातातला मोठा कर उरला तो घरपट्टीचा.

तेव्हा नोंदींची अवस्था उघडी पडली. आकारणी बिल्डरच्या नावाने, फ्लॅट मधल्या काळात दोन-तीनदा विकलेला. दस्त निबंधकाकडे नोंदलेला, पण पालिकेत नाव हस्तांतरणाचा अर्ज कुणी केलेलाच नाही. मुंब्रा-दिव्याच्या चाळींत पत्ता म्हणजे अमक्या दुकानाच्या मागची तिसरी खोली. सिडकोच्या नवी मुंबईत सेक्टर, प्लॉट सगळं आखीव, पण गावठाणाभोवतीची गरजेपोटी बांधलेली घरं आली की तिथेही तीच पंचाईत. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते आणि ‘बिलच आलं नाही, तर शास्ती कसली?’ हा वाद खिडकीवर सुरू होतो. मग निघते शास्तीत सूट देणारी अभय योजना. प्रामाणिकपणे वेळेत भरणाऱ्याला ती पाहून काय वाटत असेल, ते विचारू नये.

देयक पोहोचवणं हीच खरी अडचण असते, हे घानातल्या मदिना भागातल्या प्रयोगात दिसलं. तिथे काही वसुली कर्मचाऱ्यांना घरांचा नकाशा असलेले टॅबलेट दिले. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांनी २७ टक्के जास्त देयकं पोहोचवली आणि वसुली मात्र १०३ टक्के जास्त केली.

अर्थात सगळेच थकबाकीदार बिचारे पत्ता चुकलेले नसतात. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीत पालिकेचे कर जुन्या नोटांत भरायची मुभा मिळाली, तेव्हा अनेकांना कार्यालयाचा रस्ता बरोबर सापडला. अशांसाठी ठाण्यात दारापुढे ढोल वाजवण्याचा प्रयोगही झाला. तो शेजाऱ्यांना ऐकू जातो, एसएमएस एकट्याने वाचून पुसता येतो. त्यातही देवनागरी संदेश ७० चिन्हांत संपतो, रोमन लिपीला १६० मिळतात. म्हणजे मराठीत सविस्तर लिहायचं तर पालिकेचा खर्च वाढतो.

आणि नंबर तरी कुणाचा? अर्जावर कधी एजंटचा, कधी जुन्या भाडेकरूचा. नवी मुंबईने नोंद नसलेली आणि वाढीव बांधकामं शोधायला लायडार, म्हणजे लेझर किरणांनी मोजमाप करणारं, सर्वेक्षण हाती घेतलं. त्यात वाढीव मजला दिसतो. मालकाचं नाव आणि चालू नंबर आणायला मात्र कर विभागाच्या माणसाला जिना चढावाच लागतो.