पाऊस घरचा, लाट परगावची

हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वाइमेआ बे म्हणून जागा आहे. जुलैत तिथलं पाणी तळ्यासारखं निवांत असतं. पोरं कडेच्या उंच खडकावरून उड्या मारतात, तळाची वाळू लख्ख दिसते. त्याच ठिकाणी जानेवारीत एखाद्या दिवशी तीन-चार मजली लाट फुटते आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत तिचा दणका बसतो. त्या दिवशी तिथे वादळ असेलच असं नाही. कित्येकदा आभाळ मोकळं असतं, वाराही बेताचा. मग लाट येते कुठून?

ती येते हजारो किलोमीटरवरून, अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांकडून. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये मोठमोठी वादळं घोंघावत असतात. दोन-तीन दिवस एकाच दिशेने वारा पाणी रेटत राहिला की लाटा लांबट होत जातात आणि वादळाला मागे टाकून पुढे निघतात. वीस-वीस सेकंदांनी येणाऱ्या लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी साधारण ५५ किलोमीटरने सरकतो. दहा सेकंदांच्या लाटांचा वेग त्याच्या निम्मा. त्यामुळे लांब लाटा आधी पोचतात, आखूड मागाहून. घड्याळ लावून किनाऱ्यावर बसलं आणि दोन लाटांमधला वेळ तासागणिक किती कमी होतोय ते टिपलं, तर वादळ किती दूर होतं याचा हिशेब कागदावर मांडता येतो. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

आपल्या मुंबईसमोर उथळ समुद्रतळ जवळजवळ ३०० किलोमीटर पसरलाय. दूरची लाट त्यावरून येताना तळाशी घासत घासत बरीच दमते. हवाईची बेटं म्हणजे अथांग पाण्यातून थेट वर आलेले ज्वालामुखी, त्यामुळे तिथे लाटेला दमायला जागाच नाही. ती सगळा जोर घेऊन खडकावर येते. एडी आयकाऊ हा वाइमेआचा जीवरक्षक १९७८ मध्ये समुद्रात सहकाऱ्यांसाठी मदत आणायला निघाला आणि परतला नाही. त्याच्या नावाची सर्फिंगची स्पर्धा लाटेची समोरची उंची साधारण १२ मीटर झाली तरच भरते. म्हणून २००९ नंतर ती थेट २०१६ मध्ये झाली, आणि मग २०२३ मध्ये. २०२३ ची स्पर्धा ज्याने जिंकली तो ल्यूक शेपर्डसनही जीवरक्षकच, त्या दिवशी कामावर हजर असलेला.

उन्हाळ्यात पारडं फिरतं. दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो, न्यूझीलंडच्या बाजूला उठलेल्या लाटा आठवडाभराचा प्रवास करून ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यावर, वाइकीकीला लागतात. १९६३ मध्ये वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठिकठिकाणी उपकरणं बसवून अशा लाटांचा माग काढला. वादळाच्या कचाट्यातून बाहेर पडलेली लाट अख्खा महासागर ओलांडताना फारशी शक्ती गमावतच नाही, हे त्यातून दिसलं. केरळच्या किनाऱ्यावर अचानक घुसणारं ‘कल्लकडल’ हे याच जातीचं, दक्षिण महासागरातून आलेलं पाणी.

पावसाचं याच्या उलट. तो जागच्या जागी तयार होतो. वर्षातले बहुतेक दिवस हवाईवर ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, समुद्रावरून येताना बाष्प घेऊन येतात. पण साधारण दोन किलोमीटर उंचीवर त्यांच्या डोक्यावर झाकण असतं. वरून खाली बसणारी कोरडी, उबदार हवा ढगांना त्यापुढे चढू देत नाही. कवाई बेटावरचा वायआलेआले डोंगर १,५६९ मीटरचा, म्हणजे झाकणाच्या जरासा खाली. ढग तिथेच अडतो आणि रिता होतो. वर्षाला १० मीटरच्या आसपास पाऊस! घाटमाथा आणि देशावरची पर्जन्यछाया आपण जाणतोच. पण आपला पाऊस चार महिन्यांचा, तिथली रिपरिप बाराही महिने. आणि ४,२०७ मीटरचा मौना केआ झाकणाच्या वर डोकं काढून उभा आहे. तिथे हवा इतकी कोरडी की जगातल्या मोठ्या दुर्बिणी त्याच्या माथ्यावर आहेत.

हवाईच्या भाषेत पावसाला दोनशेहून जास्त नावं आहेत, खोऱ्याखोऱ्याचं वेगळं. हिलो गावच्या पावसाचं नाव कानीलेहुआ, लेहुआच्या फुलांवर वाजणारा. डोंगरामुळे व्यापारी वाऱ्यांपासून आडोशाला राहणाऱ्या बाजूला म्हणतात ‘कोना’. हिवाळ्यात कधीमधी वारा उलटून नैर्ऋत्येकडून येतो, तो कोना वारा. वर्षभर कोरड्या राहणाऱ्या बाजूला पाणी मिळतं ते बरंचसं त्याच्याच कृपेने.

तो आडोसा किती घातक ठरू शकतो हे ८ ऑगस्ट २०२३ ला माउई बेटावर दिसलं. लाहाइना गावामागच्या पुउ कुकुई शिखरावर वर्षाला नऊ मीटर पाऊस पडतो, दहाएक किलोमीटरवरच्या गावात अर्धा मीटरही नाही. त्या दिवशी उत्तरेला जास्त दाबाचा पट्टा होता, दूर दक्षिणेला डोरा चक्रीवादळ. दोघांच्या कात्रीत सापडलेला वारा डोंगर उतरून गावावर आला. उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. उसाची शेती बंद पडल्यावर माजलेलं परदेशी गवत वाळून कडकडीत झालं होतं, त्याने पेट घेतला. सुमारे शंभर माणसं गेली, जुनं गाव जळून गेलं.

हे वारे आता बदलताहेत. हवाईची राजधानी होनोलुलू, तिथल्या विमानतळावरच्या नोंदींत ईशान्येचा वारा १९७३ च्या सुमारास वर्षाला २९१ दिवस होता, २००९ पर्यंत तो २१० दिवसांवर आला; पूर्वेचा वाढला. दिशेत थोडासा फरक, असं वाटेल. पण होनोलुलूचं पिण्याचं पाणी जमिनीखालून उपसलं जातं, आणि जमिनीखाली ते जातं डोंगरावरच्या त्या बारमाही रिपरिपीतून, जी हेच ईशान्येचे वारे आणतात. एखादी मोठी झड आली तर पाणी धो धो ओढ्यातून समुद्राला मिळतं. खडकात मुरतो तो हळूहळू पडणारा पाऊसच.