यकृतातील अज्ञातकारणी गळू आणि मोठे आतडे

जंतुसंसर्गामुळे यकृतात पू साचून गळू होते. पित्तनलिकेतला अडथळा, चिघळलेले अपेंडिक्स, पोटावरचा मार, असे काही ना काही कारण बहुधा सापडते. सर्व तपासण्या होऊनही पू कशामुळे झाला ते कळले नाही, तर त्या गळवाला अज्ञातकारणी म्हणतात. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, अन्न नकोसे होणे ही लक्षणे कारण सापडो वा न सापडो, सारखीच.

आपल्याकडे आधी शंका येते ती अमिबा या एकपेशीय परजीवीची. अमिबाच्या गळवातून निघणारा द्रव चॉकलेटी आणि सहसा बिनवासाचा असतो. जंतूंच्या गळवातला पू पिवळसर, बऱ्याचदा दुर्गंधी. सोनोग्राफीत पाहत सुई घालून तो काढतात आणि कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवतात. हे कल्चर टाळू नये, कारण पुढचा शोध पुष्कळदा त्यावरूनच सुरू होतो.

आतड्यांतले रक्त हृदयाकडे परतण्याआधी पोर्टल शिरेने यकृतात येते. मोठ्या आतड्याचे अस्तर शाबूत असेपर्यंत तिथले जंतू आतच राहतात. गाठीमुळे किंवा आतड्याच्या भिंतीतल्या पिशव्या सुजल्यामुळे अस्तर फाटले, की त्यांना यकृताची वाट मोकळी होते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या ऑक्सनर आणि डीबेकी या शल्यविशारदांनी 1938 मध्ये रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा अपेंडिक्सचा दाह हेच या गळवाचे मोठे कारण होते. वेळेवर शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके आल्यावर ते मागे पडले.

1980 च्या दशकापासून तैवानमध्ये वेगळेच चित्र दिसू लागले. पित्तमार्गाचा आजार नसलेल्या, पुष्कळदा मधुमेही असलेल्या रुग्णांच्या गळवात क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जंतू सापडू लागला. त्याचे के1 आणि के2 हे प्रकार डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंतही पसरतात. पुढे तिथल्या राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा गळवाच्या रुग्णांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर इतरांपेक्षा अधिक आढळला. बहुतेकांना कॅन्सर नसतो, हे घाबरलेल्या नातेवाइकांना आधी सांगायला हवे. पण ज्यांना असतो त्यांच्यात कधी कधी गळू हीच त्याची पहिली खूण ठरते.

उपचार म्हणजे नळीने निचरा आणि साधारण चार ते सहा आठवडे प्रतिजैविके. ताप उतरला, नळी निघाली की रुग्ण घरी जातो आणि विषय तिथेच मिटतो. खरी चूक इथे होते. आतड्यातली लहान गाठ पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये निसटू शकते. म्हणून कारण सापडले नसेल, विशेषतः रुग्ण उतारवयाचा असेल, तर प्रकृती सावरल्यावर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यावी आणि तिची तारीख घरी सोडतानाच कागदावर लिहून द्यावी.