अपघात भरपाईचा दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करायचा असेल तर

अपघात पुण्याजवळ, घर नांदेडला आणि पायात रॉड. दर तारखेला एवढा प्रवास कसा करायचा? दावा अजून दाखल झाला नसेल, तर तो वर्ग करण्याच्या भानगडीत पडायची गरजच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६(२) प्रमाणे अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. निवड तुमची. गुन्हा जिथे नोंदला तिथेच दावाही लावावा लागतो, असं बऱ्याच जखमींना सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. सिलिगुडीला झालेल्या अपघाताचा दावा उत्तर प्रदेशात लावला होता. साक्षीदार तिकडचे आहेत आणि भाषेचीही अडचण आहे, असं सांगून गाडीमालकाने तो पश्चिम बंगालमध्ये न्यायची विनंती केली. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ती फेटाळली. मात्र ठिकाण ठरवण्यात वेळ दवडू नका, कारण कलम १६६(३) मध्ये अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.

मारहाण किंवा पडझडीतल्या इजेचा साधा दिवाणी दावा असेल, तर ही सवलत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ खाली इजा झाली ते ठिकाण किंवा प्रतिवादी राहतो, व्यवसाय करतो ते ठिकाण, एवढेच पर्याय आहेत. वर्ग करण्याचा प्रश्न म्हणूनच इथे जास्त येतो.

दोन्ही कोर्टं एकाच जिल्ह्यात असतील तर अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. जिल्हे वेगळे पण राज्य एकच असेल तर हायकोर्टात, संहितेच्या कलम २४ खाली. दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल तर कलम २५ खाली सुप्रीम कोर्टात. अपघात दाव्यांसाठीही याच कलमांखाली अर्ज होतात.

अर्ज टिकतो की पडतो, ते कारणावर ठरतं. ‘प्रवास त्रासदायक आहे’ एवढ्यावर भागत नाही. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन कधी झालं, डॉक्टरांनी किती काळ बसून प्रवास करू नका म्हटलं, सोबत येणारं घरात कोण आहे, साक्षीदार आणि उपचार करणारे डॉक्टर कुठले, हे सगळं लिहा आणि प्रत्येक वाक्यामागे कागद ठेवा. डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, नव्या ठिकाणच्या रहिवासाचा पुरावा, दाव्याची प्रत, सामनेवाल्यांचं लेखी म्हणणं आणि रोजनाम्याची (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) प्रमाणित नक्कल जोडा. सोबत शपथपत्र आणि वकीलपत्र लागतं. न्यायाधीशांवर पक्षपाताचा आरोप तर ठोस आधार हातात असल्याशिवाय करूच नये. कलम २५ मध्ये उगाच त्रास देण्यासाठी केलेल्या अर्जावर दोन हजार रुपयांपर्यंत भरपाई बसवायची तरतूद आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. हा हक्क फार थोडे जखमी वापरतात, याचं वाईट वाटतं.

ठिकाणावर सामनेवाल्यांची हरकत असेल तर ती त्यांनी सुरुवातीलाच, कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवण्याआधी घ्यायला हवी. निकाल लागल्यावर अपिलात ती सहसा चालत नाही. मृताच्या वारसांनी वेगवेगळ्या राज्यांत दावे लावले असतील, तर डिसेंबर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निर्णयाप्रमाणे पहिला दावा चालतो आणि नंतरचे त्याच न्यायाधिकरणाकडे वर्ग होतात. त्यासाठी सुप्रीम कोर्टात वेगळा अर्ज लागत नाही.

वर्ग करण्याचा अर्ज दिला म्हणून मूळ दावा थांबत नाही. स्थगितीचा आदेश हातात येईपर्यंत प्रत्येक तारखेला वकील उभे राहिलेच पाहिजेत, नाहीतर गैरहजेरीत दावा निकाली निघायची भीती असते. अर्ज मंजूर झाल्यावर आदेशाची प्रमाणित नक्कल दोन्ही कोर्टांत द्या, फाइल खरोखर निघाली का ते पाहा, आणि नव्या कोर्टातला दाव्याचा नंबर व पहिली तारीख लिहून घ्या.