पेन्शनीत न बसलेले फौजी

ग्वाल्हेरात १८१०मध्ये शिंद्यांची छावणी पडली, ती उठलीच नाही. लष्कर हे तिचेच नाव. १९१४ साली पूर्व आफ्रिकेत टांगाला उतरलेल्या संस्थानी पलटणीच्या हकिकती इथल्या घरांतून आल्या तशा गेल्या. अंथरुणाला खिळलेल्या फौजी माणसाकडून त्या मुद्दाम ऐकून लिहून घ्यायच्या, हा प्रकार अलीकडचा.

म्हातारपणी मागचे उगाळत बसणे म्हणजे बुद्धी चळणे नव्हे, तो आयुष्याचा हिशेब असतो, हे एका अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६३मध्ये मांडले. अखेरच्या आजारातील शुश्रूषेची आधुनिक संस्था लंडनला १९६७मध्ये निघाली, मुंबईत १९८६मध्ये. अमेरिकेत मॅडिसनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात २०१३पासून रुग्णाची कहाणी हजारेक शब्दांत लिहून, त्याला वाचून दाखवून, केसपेपरला जोडली जाते. रात्री दचकून उठणाऱ्याची गोळी वाढवण्याआधी डॉक्टरने ते पान वाचावे, एवढी साधी सोय.

अशी नोंद व्हायची तर फौजी माणूस आधी फौजी दवाखान्याच्या कागदांवर यायला हवा. आपल्याकडे घोडे पेंड खाते ते 'माजी सैनिक' या शब्दापाशी. बोलण्यात, जो फौजेत होता तो माजी सैनिक. कागदावर तसे नाही. १ एप्रिल २००३ला सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची मुख्य अट होती पेन्शन. मग दुसऱ्या महायुद्धापुरते भरती होऊन शांतता होताच घरी पाठवलेले जवान बाहेर राहिले. चीन युद्धाच्या धामधुमीत तातडीचे अधिकारपद, म्हणजे 'इमर्जन्सी कमिशन', मिळून काही वर्षांत मोकळे झालेले अधिकारीही बाहेर. योजना वर्गणीवर चालते, तिला कुठेतरी मर्यादा हवी, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण मर्यादा नेमकी त्यांच्यावर आली, ज्यांचे वय सर्वांत पुढे गेले होते. मार्च २०१९मध्ये दोघांनाही आत घेण्याचा निर्णय झाला. १९४५मध्ये अठरा वर्षांचा असलेला जवान तेव्हा ब्याण्णवचा. त्याची सलग हकिकत ऐकण्याची वेळ बहुधा टळलेली. इतकी वर्षे जी काही नोंद झाली असेल, ती सुनेच्या नाहीतर नातवाच्या वहीत.

व्याख्येचा गुंता अजून सुटलेला नाही. २०२२मध्ये अग्निवीर भरती सुरू झाली. चार वर्षांनी परतणाऱ्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यांच्या पहिल्या तुकड्या सत्तरीला पोहोचतील २०७०च्या आसपास.