लिम्फोमाच्या रक्तचाचण्या : एलडीएचच्या रेघेची गोष्ट

लिम्फोमाचे, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाचे, निदान आजही बायॉप्सीवरच होते. रक्ताकडून मुख्य अपेक्षा वेगळी होती : आजार किती जोरात आहे ते सांगावे. हॉजकिन प्रकारात त्यासाठी ईएसआर (रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग) बघत आले, फॉलिक्युलर प्रकारात पुढे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन आले. पण सर्वांत चिवट निघाले ते एलडीएच, पेशी फुटल्या की रक्तात उतरणारे एन्झाइम.

१९९३ साली आक्रमक लिम्फोमासाठी जोखमीचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक ठरला. १९८२ ते १९८७ या काळात उपचार झालेल्या रुग्णांच्या नोंदींतून पाच निकष निवडले गेले आणि त्यांत रक्ताचा निकष एकच, एलडीएच. तोही आकडा म्हणून नव्हे, तर ‘त्या प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त आहे की नाही’ एवढाच, म्हणजे एकच रेघ. तेव्हा ते सोयीचे होते. प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत वेगळी, मर्यादा वेगळी. कच्चे आकडे एकमेकांशेजारी मांडता येत नव्हते. निर्देशांक चाललाही : सर्वांत कमी जोखमीच्या गटात पाच वर्षांनी ७३ टक्के रुग्ण हयात होते, सर्वांत जास्त जोखमीच्या गटात २६ टक्के. पण मर्यादेच्या किंचित वर गेलेल्या रुग्णाला आणि मर्यादेच्या आठपट असलेल्याला सारखाच एक गुण, हे कुणाही डॉक्टरला खटकायला हवे होते. तीनपटीच्या वर दोन गुण देणारा सुधारित निर्देशांक यायला २०१४ उजाडले. मधल्या काळात रिटुक्सिमॅब हे बी-पेशींना लक्ष्य करणारे औषध आले, उपचारच बदलले. रेघ मात्र तिथेच राहिली.

त्याहून वाईट म्हणजे हीच चाचणी उपचारानंतरच्या पाळतीलाही जुंपली गेली. नमुन्यात रक्तपेशी फुटल्या, यकृत बिघडले, पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन दिले, तरी एलडीएच चढते. वाढलेल्या रिपोर्टने उलटलेला आजार सापडण्यापेक्षा घबराटच जास्त झाली.

रक्तद्रवात मोकळा डीएनए असतो हे १९४८ पासून माहीत होते. त्याचा उपयोग व्हायला जनुकक्रम स्वस्तात वाचता येईपर्यंत थांबावे लागले. बी-पेशींच्या लिम्फोमात अँटिबॉडीच्या जनुकाची फेरजुळणी हा गाठीचा जणू अंगठ्याचा ठसा. तो रक्तात शोधायचा. मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात ही खूण आजार उलटल्याचे दिसण्याआधी साधारण साडेतीन महिने सापडते, असे २०१५ मध्ये नोंदले गेले. २०१८ मध्ये पुन्हा रेघा आल्या : केमोथेरपीच्या पहिल्या सायकलनंतर हा डीएनए १०० पट आणि दुसरीनंतर सुमारे ३०० पट घटला, तर प्रतिसाद चांगला.

या वेळी निदान आकडा तरी मोजला जातो, आणि तो गाठीचाच असतो. तरी मेंदूतल्या लिम्फोमात रक्त बऱ्याचदा गप्प राहते; तिथे मणक्यातले पाणीच तपासावे लागते. शिवाय वयानुसार रक्तपेशींत होणारे, लिम्फोमाशी संबंध नसलेले जनुकीय बदल वेगळे काढावे लागतात. आणि खूण साडेतीन महिने आधी दिसली म्हणून उपचार आधी सुरू केल्यास रुग्ण जास्त जगतो का, हे चाचणीच्या अचूकतेवरून ठरत नाही; त्यासाठी स्वतंत्र चाचणी-प्रयोगच लागतात.