फोर्मिन्या

गोव्यातील मेजवान्यांत पेयांबरोबर दिली जाणारी, एका घासाची, सारण भरलेली मैद्याची खारी वाटी. पोर्तुगीजमध्ये ‘फोर्मा’ म्हणजे साचा. फोर्मिन्या म्हणजे लहान साचे. साच्याचे नाव पदार्थालाच चिकटले. लग्न, बाप्तिस्मा, नाताळ अशा प्रसंगी रिसॉइस (सारण भरून तळलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या) आणि क्रोकेत (खिम्याचे तळलेले लांबट रोल) यांच्याच ताटात ती असते. बेकरीत रिकाम्या वाट्या ‘कॅनपे’ म्हणूनही मिळतात.

साचे अ‍ॅल्युमिनियमचे, वर सुमारे 5 सेंटिमीटर रुंद, बहुधा कंगोरेदार कडेचे. 250 ग्रॅम मैद्यात 60 ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळावे, अर्धा चमचा मीठ व एका अंड्याचा पिवळा बलक घालून लागेल तसे थंड पाणी शिंपडत घट्ट मळावे. एवढ्यात 40 च्या आसपास वाट्या होतात. पीठ अर्धा तास झाकून ठेवणे टाळू नये. न मुरलेले पीठ साच्यात आकसते आणि वाटी उथळ होते. मग 2 मिलिमीटर जाड लाटून साच्यात दाबावे. कडेवरून अंगठा फिरवला की जादा पीठ आपोआप तुटून पडते. तळाला काट्याने टोचे मारावेत, नाहीतर तळ फुगतो आणि सारण बसायला जागा उरत नाही.

भाजायच्या वाट्या 180 अंशांवर 12 ते 15 मिनिटे. तळायच्या असतील तर साच्याला आधी तूप लावू नये. पीठ लावलेला साचा कोरडा आहे ना हे पाहून तेलात सोडावा. ओल्या साच्याने तेल उडते. थोड्याच वेळात वाटी सुटते, तेव्हा साचा चिमट्याने काढून ती मध्यम आचेवर फिकट बदामी तळावी. तेल पुरेसे तापलेले नसेल तर वाटी तेलकट होते, फार तापले तर कडा करपून तळ कच्चा राहतो. एका वेळी पाच-सहाच सोडाव्यात.

सारणात सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, पारंपरिक सारण सर्वांत चवदार. 300 ग्रॅम सोललेली सुंगटे बारीक चिरून कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची यांवर परतावीत. त्यांचे पाणी पूर्ण आटू द्यावे, कारण बहुतेक वाट्या बिघडतात त्या याच पाण्याने. दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा व 200 मिलिलिटर दुधाचा घट्ट पांढरा सॉस मिसळावा, शेवटी माडाच्या व्हिनेगरचे काही थेंब. चमचा उलटा केला तर सारण लगेच ओघळता कामा नये. कोंबडीचे, किंवा शाकाहारी पाहुण्यांसाठी मटार-मक्याचे सारणही याच पद्धतीने होते.

गोव्याची दमट हवा वाट्यांना सोसत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भराव्यात. कोमट भरल्या तर झाकणाखाली घाम धरतो. मऊ पडलेल्या वाट्या 150 अंशांवर पाच मिनिटे ठेवल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. सारण गार करून, वाढण्यापूर्वी फार तर अर्धा तास आधी भरावे.