पत्र्याच्या कोपऱ्याची गोलाई कोण ठरवतं?

‘कोपरा धारदार हवाय ना, मग टोकदार पंच लावा.’ प्रेस ब्रेकवर पत्रा वाकवून घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हा सल्ला ऐकलेला असतो. ऐकायला अगदी पटण्यासारखा, आणि बहुतेक वेळा चुकीचा. कोपऱ्याच्या आतल्या गोलाईची, म्हणजे रेडियसची, चावी वरच्या पंचाकडे नसून खालच्या डायच्या तोंडाकडे असते.

मशीन तसं साधं आहे. खाली व्ही आकाराची खाच असलेली डाय, वर पंच, मध्ये पत्रा. हल्ली बहुतेक काम ‘एअर बेंडिंग’ने होतं: पंच पत्र्याला खाचेत ढकलतो, पण तळाला टेकवत नाही. म्हणजे पत्र्याला तीनच जागी स्पर्श होतो, डायच्या दोन्ही काठांवर आणि पंचाच्या टोकाशी. मधला पत्रा हवेत!

मला सर्वांत आवडणारा भाग इथे सुरू होतो. वाकवणारा आघूर्ण (बल गुणिले अंतर, शाळेत शिकलेला तोच) पंचाखाली सर्वाधिक असतो आणि डायच्या काठांपर्यंत सरळ रेषेत उतरत शून्य होतो. त्यामुळे पत्रा स्थितिस्थापकतेची मर्यादा पहिल्यांदा बरोबर मध्यावर ओलांडतो. पण कायमचा वाकलेला धातू आधीपेक्षा कडक होतो. मध्य कडक झाला की पुढे वाकण्याची पाळी शेजारच्या पट्ट्यावर येते, मग त्याच्या शेजारच्यावर. वाक असा दोन्हीकडे पसरत जातो आणि एका बिंदूत न राहता कमान तयार होते. डाय (म्हणजे तिच्या खाचेचं तोंड) जितकी रुंद, तितका आघूर्णाचा उतार मंद आणि तितकी कमान मोठी. साध्या पोलादात ही नैसर्गिक गोलाई डायच्या रुंदीच्या सुमारे १६ टक्के येते. स्टेनलेस स्टील वाकताना जास्त कडक होतं, म्हणून त्यात वाक अधिक पसरतो आणि हाच आकडा २० टक्क्यांच्या आसपास जातो. पंचाचं टोक या नैसर्गिक गोलाईपेक्षा बारीक असेल तर पत्रा त्याला जुमानत नाही. फार बारीक असेल तर आतल्या बाजूला ते रुततं आणि नुसती घडीची रेघ उमटते. टोक जाड असेल तर मात्र पत्रा त्याच्याभोवती वळतो.

मग डाय अरुंद घेतली की झालं? इथे हिशेब आडवा येतो. लागणारं बल जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि डायच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. ३ मिमी जाडीच्या साध्या पोलादासाठी नेहमीचा ठोकताळा म्हणजे जाडीच्या आठपट, २४ मिमीची डाय. त्यात एक मीटर लांबीच्या बेंडला सुमारे २४ टन लागतात आणि आतली गोलाई ४ मिमीच्या जवळ येते. १६ मिमीची डाय लावली तर गोलाई अडीच मिमीपर्यंत उतरते, पण टनेज ३६ वर जातं. शिवाय पंच जेमतेम ०.१ मिमी जास्त खाली गेला तरी कोन जवळजवळ पाऊण अंशाने बदलतो; २४च्या डायमध्ये तीच चूक अर्ध्या अंशावर भागते. उलट बाजूने, पत्र्याचा वाकवायचा काठ आखूड असेल तर रुंद डाय चालतच नाही. काठ डायच्या रुंदीच्या साधारण ०.७ पट तरी हवा, नाहीतर तो घसरून खाचेत पडतो.

पत्रा सोडला की थोडा उलगडतो, हे स्प्रिंगबॅक. गोलाई मोठी तितकं ते जास्त. म्हणून ९० अंशांच्या बेंडसाठी डाय ८८ किंवा ८५ अंशांची, कधी त्याहूनही अरुंद कोनाची घेतात, म्हणजे पत्रा जरा जास्त वाकवून सोडता येतो. ‘आमचा कंट्रोलर सगळं आपोआप जुळवतो’ असं जाहिरातीत म्हणतात. कोन मोजून दुरुस्त करणारी यंत्रणा खरोखरच असते आणि चांगली चालते; पण चुकीच्या रुंदीच्या डायवर ती कोन बरोबर देईल, गोलाई नाही.

टोकदार पंचाचा सल्ला आला कुठून? ‘कॉइनिंग’मधून. त्यात पंच पत्र्याला डायमध्ये चिरडून स्वतःची गोलाई छापतो. बल मात्र एअर बेंडिंगच्या पाच ते दहापट लागतं, म्हणून आता ते क्वचितच करतात.

टूलवर, म्हणजे पंच-डायवर, कोरलेला बलमर्यादेचा आकडाही वाचायला हवा. तो बहुधा प्रति मीटर असतो. १०० टन प्रति मीटरच्या पंचाने १० सेंटिमीटरचा तुकडा वाकवायचा तर मर्यादा १० टनांचीच, मशीन कितीही मोठं असो. खोल चॅनेलसाठी (यू आकाराच्या पन्हळीसाठी) वापरायचा बाकदार गूजनेक पंच तर याहून नाजूक, कारण बल त्याच्या मानेतून सरळ न जाता वळसा घेऊन जातं.